विजेची हुंडी आणि तिची हुंडणावळ

हुंडीचा व्यवहार आता जवळजवळ इतिहासजमा झाला असला, तरी व्यापारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना त्याची चांगली आठवण आहे. एका गावच्या पेढीवर रक्कम भरावी, कागद लिहून घ्यावा आणि दूरच्या गावी तो कागद दाखवताच तेथील पेढीने हुंडी सकारून रोख रक्कम हातावर ठेवावी, अशी ती सोय होती. रोकड घेऊन प्रवास करण्याची जोखीम टळत असे. मात्र या सोयीपोटी हुंडणावळ मोजावी लागे. हुंडणावळीचा दर पाहून व्यवहार करणारा व्यापारी टिकून राही आणि तो न पाहणाऱ्याच्या नफ्याला नकळत गळती लागे.

घरी, दुकानात आणि कारखान्यात येणारी वीज ही अशीच एक हुंडी आहे. वीज ही वस्तू म्हणून कोणालाच नको असते. माणसाला हवा असतो उजेड, पंख्याचा वारा, शीतपेटीतील गारवा, अंघोळीचे गरम पाणी किंवा डाळमिलच्या पट्ट्याची गती. डोंगरावरच्या पाण्यात, खाणीतल्या कोळशात किंवा सूर्यकिरणांत असलेली ऊर्जा एका टोकाला विजेच्या रूपात 'भरली' जाते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा हव्या त्या रूपात 'वटवली' जाते. भरताना एकदा आणि वटवताना एकदा, अशी दोन्ही वेळा हुंडणावळ कापली जाते. महिन्याच्या वीजदेयकात ती वेगळ्या रकान्यात छापलेली नसते. म्हणूनच तिचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

एका युनिटचे मोल

'वीजनिर्मिती' हा शब्द रूढ असला तरी तो थोडा फसवा आहे. ऊर्जा नव्याने निर्माण करता येत नाही आणि नाहीशीही करता येत नाही. तिचे केवळ रूप पालटते. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची बेरीज शेवटी जुळलीच पाहिजे, हा द्विनोंदी जमाखर्चाचा नियम निसर्गही काटेकोरपणे पाळतो. इंग्लंडमधील जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात अतिशय चिकाटीने प्रयोग करून दाखवले, की ठरावीक श्रमातून नेहमी ठरावीकच उष्णता मिळते. ऊर्जेच्या मापाला आज त्याचेच नाव दिलेले आहे.

वीजदेयकातील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख जूल. हा आकडा नुसता ऐकून काही उमगत नाही. व्यापाऱ्याला समजेल असे उदाहरण घ्यायचे, तर १०० किलोचे धान्याचे पोते समुद्रसपाटीपासून महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरावर, १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर, नुसते उचलून नेण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दुपटीहून अधिक ऊर्जा एका युनिटमध्ये सामावलेली असते. दोन पोती शिखरावर पोहोचवूनही काही शिल्लक उरते. हमालाच्या पाठीवर हे काम टाकले, तर त्याची मजुरी किती होईल याचा विचार केल्यास दहा-बारा रुपयांचे युनिट किती स्वस्त आहे, हे ध्यानात येते. ते एवढे स्वस्त आणि सहजप्राप्य असल्यामुळेच त्याचा अपव्यय डोळ्यांना दिसत नाही.

गतीतून वीज

वीज मिळवण्याचा आजचा प्रमुख मार्ग मायकेल फॅरेडे या संशोधकाने १८३१ मध्ये दाखवून दिला. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस स्वाध्यायाने शास्त्रज्ञ झाला होता. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलवला की तारेतून वीज वाहते आणि चुंबक स्थिर राहिला की प्रवाह थांबतो, हे त्याने सिद्ध केले. विजेचे मूळ चुंबकाच्या हालचालीत होते. आजची अवाढव्य जनित्रे याच तत्त्वावर चालतात. त्यांना फिरवणारी शक्ती मात्र निरनिराळी असते; कोठे पडते पाणी, कोठे वाफ, तर कोठे वारा.

या यंत्राचा एक गुण सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुकानातील डिझेल जनरेटर चालू असताना कोणी शीतपेटी सुरू केली की जनरेटरचा आवाज क्षणभर जड होतो. जास्त वीज ओढताच जनित्राचा दांडा फिरण्यास अधिक विरोध करू लागतो आणि इंजिनाला अधिक इंधन जाळावे लागते. मोठ्या वीजकेंद्रातही हेच घडते. घरातील बटण दाबताच शेकडो किलोमीटर दूर फिरणाऱ्या जनित्रांवरील भार तेवढ्याच प्रमाणात वाढतो. वीज ही दर्शनी हुंडी आहे. समोर येताच, त्याच क्षणी ती सकारावी लागते. तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला आहे की नाही, हे सेकंदाला ५० या आवर्तनसंख्येवरून नियंत्रण केंद्रात अहोरात्र पाहिले जाते. ती संख्या घसरू लागली की कोठेतरी जनित्राला अधिक पाणी किंवा अधिक वाफ द्यावी लागते.

महाराष्ट्रात या रूपांतराचा मोठा पाया खोपोली येथे घातला गेला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस लोणावळा परिसरातील तलावांत अडवून घाटाखाली सोडावा आणि त्यावर मुंबईच्या कापड गिरण्या चालवाव्यात, हे स्वप्न जमशेटजी टाटा यांनी पाहिले. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. तोवर बहुतेक गिरण्या दुरून आणलेला कोळसा जाळून वाफेवर चालत असत.

येथील हिशेब सोपा आहे. घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली येणाऱ्या एक हजार लिटर पाण्यात १.३६ युनिट ऊर्जा असते. नळातील घर्षण, पाणचक्की आणि जनित्र यांची वजावट जाता सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज हाती येते. मोठी पाणचक्की सुमारे ९० टक्के आणि मोठे जनित्र ९८ टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुढे पोहोचवते. पश्चिमेकडे पाणी वळवून कोकणात उतरवणारा, एकूण १,९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना प्रकल्पही याच तत्त्वावर उभा आहे. गतीचे विजेत रूपांतर करताना हुंडणावळ अगदी थोडी लागते, हे यावरून दिसून येते.

उष्णतेवरील जबर कर

मात्र महाराष्ट्राची सर्वाधिक वीज पाण्यापासून मिळत नाही. ती कोळशापासून मिळते. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या दाबाने चक्र फिरते आणि चक्राने जनित्र फिरते. कोळशातील रासायनिक ऊर्जा, तिची उष्णता, उष्णतेची गती आणि गतीची वीज अशी ही तीन रूपांतरे होत. पहिले आणि तिसरे रूपांतर बऱ्यापैकी काटकसरीने होते. खरी गळती मधल्या रूपांतरात आहे.

यामागे यंत्र बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा नाही. फ्रान्समधील तरुण अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते, की उष्णतेचे संपूर्णपणे गतीत रूपांतर करणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे जाताना उष्णतेचा काही भागच कामाला लावता येतो, उरलेला भाग थंड बाजूला सोडून द्यावाच लागतो. वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअस आणि थंड पाण्याचे ४० अंश धरले, तर आदर्श यंत्रालाही ६१ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. प्रत्यक्षातील केंद्रे ३३ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान राहतात. वीजकेंद्रातील प्रचंड शीतकरण मनोऱ्यांतून आकाशात जाणारी पांढरी वाफ हे त्या सोडून द्याव्या लागलेल्या उष्णतेचेच दृश्य रूप होय. आपल्याकडील कोळसा वापरून एक युनिट वीज मिळवायची, तर साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो.

दुकानातील डिझेल जनरेटरलाही हाच नियम लागू होतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते, पण हाती तीन ते साडेतीन युनिट वीज येते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तर एका युनिटमागे केवळ इंधनापोटी २५ ते ३० रुपये पडतात. यंत्राची किंमत, तेल आणि दुरुस्ती हा खर्च वेगळाच. वीज गेल्यावर नाइलाजाने जनरेटर लावणे ठीक, पण त्याच्या भरवशावर नित्याचा उद्योग करणे परवडत नाही, याचे कारण हे आहे.

वाटेतील खर्च

वीज तारेतून वाहताना तार तापते. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, हेही जूलनेच शोधून काढले. म्हणून दूरवर वीज न्यायची असेल, तर तिचा दाब शक्य तेवढा वाढवून प्रवाह कमी ठेवतात. रस्त्याने जाणाऱ्या उंच मनोऱ्यांवरच्या तारांत लाखो व्होल्ट दाब असतो, तो यासाठीच. दाब वाढवण्याचे व उतरवण्याचे काम ट्रान्सफॉर्मर करतो आणि त्यातही थोडी वजावट होते.

अनेकदा जाणूनबुजून एक जादा रूपांतर करणे फायद्याचे ठरते. विदर्भातील चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघे येथे येणारी १,५०० मेगावॉट क्षमतेची वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची आहे. तिच्यात नेहमीची उलटसुलट वाहणारी वीज चंद्रपूरला एकदिश केली जाते, पाच लाख व्होल्ट दाबाने पाठवली जाते आणि पडघ्याला पुन्हा पूर्ववत केली जाते. दोन्ही टोकांना हुंडणावळ देऊनही लांबच्या वाटेवर एवढी बचत होते, की हा व्यवहार किफायतशीर ठरतो. रूपांतर वाईट नसते. ते कशासाठी केले आणि बदल्यात काय मिळाले, हे पाहायचे असते.

आता सर्व वजावटी एकत्र मांडून पाहू. कोळशात १०० युनिट ऊर्जा आहे असे धरले, तर वीजकेंद्राच्या दारातून सुमारे ३४ युनिट वीज बाहेर पडते. वाटेत सहावा हिस्सा गळाला असे समजल्यास ग्राहकाच्या मीटरपर्यंत २८ युनिट पोहोचतात. जुना तारेचा बल्ब त्यांपैकी जेमतेम ५ टक्के विजेचा प्रकाश करतो, म्हणजे शंभरातील दीड युनिटही उजेडाच्या रूपाने हाती येत नाही. उरलेले सारे वाफ, तापलेल्या तारा आणि तापलेली काच यांच्या खाती जाते. हेच २८ युनिट एलईडी दिव्याला दिले, तर सुमारे ९ युनिट प्रकाश मिळतो. वीजकेंद्र तेच, तारा त्याच. केवळ शेवटचे रूपांतर बदलल्याने फळ सहापटीहून अधिक वाढते. साखळीच्या शेवटी वाचवलेल्या एका युनिटमुळे सुरुवातीच्या साडेतीन युनिट कोळशाची बचत होते, हे या हिशेबाचे सार आहे.

उलट दिशेचा प्रवास

जनित्र आणि मोटर ही दोन वेगळी यंत्रे नसून एकाच यंत्राची दोन कामे आहेत. दांडा फिरवला की वीज मिळते आणि वीज दिली की दांडा फिरतो. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात ग्राम यांची दोन जनित्रे तारेने जोडण्यात आली. एक फिरवताच दुसरे फिरू लागले आणि कारखान्याची शक्ती तारेने दूरवर नेता येते, हे व्यापारी जगाच्या लक्षात आले.

या गुणाचा लाभ मुंबईकर रोज घेतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. आजच्या नव्या लोकलगाड्यांत स्थानक जवळ येताच मोटरींचे काम उलटे होते. गाडीच्या वेगातून त्या वीज तयार करतात, ती वरच्या तारेत परत पाठवतात आणि त्याच क्षणी दुसरी एखादी गाडी ती वापरते. पूर्वी हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जात असे.

दुसरे उदाहरण घाटघरचे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक आणि पायथ्याशी एक अशा दोन जलाशयांमध्ये प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच बसवलेले आहेत. विजेची मागणी कमी असताना तेच यंत्र पंप होऊन खालचे पाणी वर चढवते. मागणी वाढताच ते पाणी खाली सोडून वीज देते. अशा योजनांमध्ये १०० युनिट खर्चून साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. वरवर पाहता हा तोट्याचा धंदा वाटेल. पण सुगीत भाव पडलेला असताना माल घेऊन कोठारात ठेवणारा आणि टंचाईत विकणारा व्यापारी थोडी घट-तूट सोसतोच. मागणी नसतानाचे युनिट आणि सायंकाळी सारे दिवे लागले असतानाचे युनिट यांचे मोल सारखे नसते. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक होऊ लागल्यावर अशा कोठारांची गरज वाढतच जाणार आहे.

लातूर, जळगाव येथील डाळमिल, तेलघाण्या, जिनिंग आणि इतर उद्योगांत विजेचा मुख्य वापर मोटरींसाठीच होतो. मोटर विकत घेताना किंमत पाहिली जाते, क्षमता बहुधा पाहिली जात नाही. दांड्यावर साडेसात किलोवॅट काम देणारी, पुनःपुन्हा गुंडाळलेली जुनी मोटर ८४ टक्के क्षमतेने चालते आणि नवी ९० टक्के क्षमतेने, असे समजू. जुनी मोटर ८.९३ किलोवॅट ओढेल, नवी ८.३३ किलोवॅट. फरक तासाला ०.६ युनिटचा, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. पण वर्षाला ३,००० तास मोटर चालली, तर १,८०० युनिट होतात. दर १० रुपये धरल्यास वर्षाला १८,००० रुपये, तेही एका मोटरीमागे. भांडवल एकदा गुंतवावे लागते, हुंडणावळ मात्र रोज कापली जाते.

रसायन, प्रकाश आणि उष्णता

वीज साठवायची असेल तर तिला रसायनाचे रूप द्यावे लागते. इटलीतील व्होल्टा याने १८०० मध्ये जस्त आणि तांबे किंवा चांदी यांच्या चकत्या एकमेकींवर रचून, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले कापड घालून पहिली बॅटरी तयार केली. पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्समधील प्लांते याने बनवली. घरोघरच्या इन्व्हर्टरखाली आजही तिचीच सुधारलेली आवृत्ती असते. येथे मुदतीच्या हुंडीप्रमाणे वीज पुढील वेळेसाठी राखून ठेवता येते, पण हुंडणावळ मोठी असते. घरची वीज एकदिश करणे, ती रसायनात साठवणे, परत मिळवणे आणि पुन्हा घरच्या विजेसारखी करणे, या चार पायऱ्यांत शिशाच्या बॅटरीवरील एका युनिटपैकी साधारण दोन तृतीयांश युनिट हाती येते. लिथियमच्या बॅटरीत वजावट बरीच कमी असते, किंमत मात्र अधिक. म्हणून इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि संगणक चालवावेत. पाणी तापवू नये.

प्रकाश आणि वीज यांचेही परस्पर रूपांतर होते. १८३९ मध्ये फ्रान्सच्या बेकरेल याला प्रकाशामुळे वीज वाहते असे आढळले आणि १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला. त्याची क्षमता सुमारे ६ टक्के होती. आज छतावर बसणारी पटले २० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत. एलईडी हा याच तत्त्वाचा उलटा प्रयोग होय. सौरघटावर प्रकाश पडला की वीज मिळते आणि एलईडीला वीज दिली की प्रकाश मिळतो. २० टक्के हा आकडा कमी वाटला, तरी येथे इंधन विकत आणावे लागत नाही आणि वीज वापराच्या ठिकाणीच तयार होत असल्याने लांबच्या वाटेचा खर्च पडत नाही. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. निवासी घरांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. दुकानांना हे अनुदान नसले, तरी दिवसाच वीज लागणाऱ्या व्यवसायाला सूर्य हा सोयीचा पुरवठादार आहे.

विजेची उष्णता करणे सर्वांत सोपे. येथे हुंडणावळ जवळजवळ शून्य. एका युनिटची पूर्ण एक युनिट उष्णता होते. येथेच मोठा गैरसमज होतो. कोळशाच्या उष्णतेतून दोन तृतीयांश गमावून वीज मिळवायची आणि तिची पुन्हा उष्णताच करायची, म्हणजे मुंबईहून हुंडी लिहून मुंबईतच वटवण्यासारखे आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. चौघांच्या कुटुंबात रोज दोन युनिट सहज जातात. छतावरील सौरबंब सूर्याची उष्णता थेट पाण्याला देतो आणि ऊन पकडण्यात तेवढ्याच आकाराच्या सौरपटलाहून कितीतरी सरस ठरतो. बंब शक्य नसेल तेथे हीट पंपाचा विचार करावा. तो एका युनिटच्या बदल्यात सुमारे तीन युनिट उष्णता देतो. यात जादू नाही. तो उष्णता निर्माण करत नसून शीतपेटीच्या उलट पद्धतीने बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात आणतो आणि वीज फक्त त्या वाहतुकीवर खर्च होते.

फसव्या प्रलोभनांपासून सावध

जमाखर्च जुळलाच पाहिजे, हा नियम ध्यानात ठेवला तर अनेक फसवणुकी टळतात. 'इंधनाशिवाय चालणारा जनरेटर' दाखवून भांडवल मागणारे लोक अधूनमधून भेटतात. मोटर जनित्राला फिरवते आणि जनित्र मोटरला वीज देते, असा त्यांचा दावा असतो. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेत जात असल्याने असे यंत्र बाहेरून ऊर्जा घेतल्याशिवाय काही वेळातच थांबते. प्रात्यक्षिकात ते चालताना दिसले, तर कोठेतरी बॅटरी किंवा लपवलेली तार आहे असे खुशाल समजावे. भिंतीतल्या खाचेत खोचताच देयक निम्मे होईल असे सांगून विकली जाणारी छोटी उपकरणेही याच माळेतली. त्यांच्यात बहुधा एक लहान कपॅसिटर असतो आणि घरगुती मीटर जी ऊर्जा मोजतो तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. शंभरात दरमहा दहा व्याज देऊ म्हणणाऱ्याकडे जितक्या संशयाने पाहावे, तितक्याच संशयाने शंभर युनिट घेऊन दीडशे देऊ म्हणणाऱ्या यंत्राकडे पाहावे.

घरच्या आणि दुकानाच्या वहीसाठी

खरी बचत साध्या गोष्टींत आहे. सहा पंखे रोज १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणारे एखादे कापडाचे दुकान घेऊ. जुना पंखा ७५ वॅट ओढतो, बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. वर्षाला ८१० युनिट वाचतात. दर १२ रुपये धरला, तर ९,७२० रुपये. वारा तेवढाच मिळतो, फक्त गतीबरोबर विनाकारण होणारी उष्णता कमी होते.

कोणतेही विजेचे उपकरण घेताना चार प्रश्न विचारावेत. शेवटी आपल्याला काय हवे आहे. प्रकाश, गती, गारवा की उष्णता? ते विजेवाचून थेट मिळू शकते काय. दिवसा खिडकीतून उजेड, उन्हातून गरम पाणी, वाळवणासाठी वारा? वीज लागणारच असेल, तर शेवटचे रूपांतर करणारे यंत्र किती क्षमतेचे आहे? आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी चालवायचे? व्यावसायिक व औद्योगिक देयकांत वेळेनुसार वेगवेगळा दर लागू असल्यास तो वाचून पंप, चक्की, शीतगृह यांच्या वेळा ठरवता येतात.

वर्षअखेरीस वह्या बंद करताना व्याज, भाडे, दलाली, हमाली यांचा ताळा नेमाने पाहिला जातो. त्याच दिवशी मागील बारा महिन्यांची वीजदेयके समोर ठेवून, प्रत्येक उपकरणावर किती वॅट लिहिले आहेत आणि ते किती तास चालते, एवढे एका पानावर मांडावे. तासाभराचे हे काम घरातील शाळेत जाणारी मुलेही आनंदाने करतील. त्या पानावर जे उपकरण सर्वाधिक युनिट घेऊन सर्वांत कमी काम देत असेल, त्याला नव्या वर्षात प्रथम निरोप द्यावा.